रखडलेली कामे मार्गी लागतील

माझ्या दुकानात सकाळी येणारं वर्तमानपत्र अकरा वाजेपर्यंत सुटं झालेलं असतं. पहिलं पान बाकावर तसंच पडून राहतं. बाजारभावाचं पान सोयाबीनवाले मागून घेतात. राशिभविष्याचं पान मात्र या हातातून त्या हातात जात राहतं आणि संध्याकाळी सापडत नाही. बहुतेक वेळा कुणीतरी घडी घालून ते खिशात नेलेलं असतं.

दुकान म्हणजे आपले सरकार सेवा केंद्र. बीड जिल्ह्यातलं आमचं तालुक्याचं गाव, तहसीलकडे जाणारा रस्ता, एक संगणक, एक प्रिंटर, अंगठा घ्यायचं मशीन आणि बाहेर पत्र्याखाली दोन बाक. इथं येणारा प्रत्येक माणूस कशाची तरी वाट बघत आलेला असतो. उत्पन्नाचा दाखला, नॉन-क्रिमीलेअर, फार्मर आयडी, पीक विमा, अनुदानाची केवायसी, लाडक्या बहिणीची केवायसी, पोराच्या परीक्षेचा फॉर्म. सर्व्हर चालू असला तर दहा मिनिटांचं काम. नसला तर सकाळी आलेली माणसं दुपारची भाकरी याच बाकावर सोडतात. त्या वेळात भविष्य वाचलं जातं, आणि मोठ्यानं वाचलं जातं, कारण निम्म्या लोकांनी चष्मा आणलेला नसतो आणि काहींना अक्षर येत नाही.

"बघ की माय, माझं काय म्हणू लालंय."

रास ठाऊक नसली तरी अडत नाही. नावाचं पहिलं अक्षर सांगितलं की बाकावरचं कुणीतरी रास काढून देतं. 'पा' आलं की कन्या, 'गा' आलं की मकर, 'सा' आलं की कुंभ. शाळेची पायरी न चढलेल्या बायकांनाही हे तोंडपाठ असतं, कारण घरातल्या प्रत्येक बारशाला त्यांनी अक्षर काढून आणलेलं असतं.

त्या पानावर एक वाक्य असतं. आज सिंहेला, उद्या तुळेला, परवा मीनेला. 'रखडलेली कामे मार्गी लागतील.' आर्थिक लाभ ऐकून कुणी फारसं हलत नाही. शुभ रंग आणि शुभ अंक वाचणाराच गाळून टाकतो. पण हे वाक्य आलं की ज्याची रास असते तो म्हणतो, पुन्हा वाच. मग माझ्याकडं बघतो. मी संगणकासमोर बसलेली असते, म्हणून त्याला वाटतं की ते वाक्य खरं करणं माझ्या हातात आहे.

भविष्यावर माझा विश्वास नाही. तरी ते वाक्य पुन्हा वाचायला लावणाऱ्या माणसावर मला कधी हसू आलं नाही. आपलं काम होणार, एवढं त्याला घरूनच माहीत असतं. फॉर्म भरलाय, कागद जोडलेत, फी भरलीय. त्याला फक्त कधी होणार ते हवं असतं. सगळ्या तालुक्यात हे सांगायला तयार असलेला एकच कागद आहे, आणि तो म्हणजे हे पान.

आमच्या गल्लीत एक गुरुजी राहतात. पत्रिका करतात, मुहूर्त काढून देतात. वय पंचाहत्तरीच्या पुढं. रोजचं भविष्य कसं निघतं ते त्यांनी मला एकदा वहीवर मांडून दाखवलं. आपल्याकडची रास चंद्राची. जन्माच्या वेळी चंद्र ज्या राशीत, ती आपली रास. चंद्राला बाराही राशी फिरायला सत्तावीस दिवस आणि वर काही तास लागतात, म्हणजे एका राशीत तो साधारण सव्वादोन दिवस असतो. आजचा चंद्र आपल्या राशीपासून कितवा, यावर रोजच्या भविष्याचा मोठा भाग उभा. तिसरा, सहावा, दहावा, अकरावा असला तर दिवस बरा. चौथा, आठवा, बारावा असला तर जपून. आठव्या चंद्राला लोक फार भितात. प्रवासाला निघत नाहीत, बैल घेत नाहीत, सोयरिकीचं बोलत नाहीत.

"पण पोरी," गुरुजी म्हणाले, "तो सव्वादोन दिवसांनी नवव्यात जातोच. लोकांना तेवढंच ऐकायचं असतं."

शनीचंही तसंच. तो एका राशीत अडीच वर्षं बसतो, म्हणून तीन राशी मिळून साडेसाती. २९ मार्च २०२५ला शनी मीन राशीत गेला, मकर राशीची साडेसाती सुटली आणि मेषेची लागली. आमच्या जिल्ह्यात गेवराई तालुक्यात गोदाकाठी राक्षसभुवन आहे. तिथल्या शनीला दूरदूरवरून माणसं येतात. मकर राशीचे एक मामा त्या सुमारास तिथं तेल घालून आले आणि दुकानात पेढे वाटले. साडेसात वर्षं त्यांनी कशी काढली हे मला माहीत आहे. बोअर आटलं, थोरल्या पोराची नोकरी गेली, घरात आजारपण आलं. पण ही साडेसाती कोणत्या वर्षी, कोणत्या महिन्यात सुटणार हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. घरात भिंतीला लावलेल्या पंचांगात ते लिहिलेलं होतं. त्याच मामांच्या जमिनीचा वारस फेर, म्हणजे सातबाऱ्यावर वारसांची नावं लावायचा फेरफार, अजून मंजूर झालेला नाही. तो कधी होईल असं विचारलं की तलाठी म्हणतो मंडळ अधिकाऱ्याकडं आहे, मंडळ अधिकारी म्हणतो नोटीस काढलीय, आणि माझ्या संगणकावर 'प्रलंबित' एवढंच दिसतं.

शनीची तारीख सांगता येते आणि फेरफाराची सांगता येत नाही, याचं मला फार वाईट वाटतं.

२०२५च्या सप्टेंबरात काय झालं ते मराठवाड्यात कुणाला सांगावं लागत नाही, बाहेरच्यांसाठी लिहिते. हा तोच मुलूख, जिथं २०१६च्या एप्रिलात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. पहिल्या गाडीला दहा वाघिणी होत्या, त्यात पाच लाख लिटर. त्याच मुलखात २०२५च्या सप्टेंबरात सिंदफणा, मांजरा, सीना, गोदावरी सगळ्या पात्राबाहेर आल्या. सोयाबीन काढणीला आलेलं होतं. शेंगांना झाडावरच मोड फुटले. नदीकाठच्या रानांतली माती वाहून गेली, खाली नुसता मुरूम उघडा पडला. ७ ऑक्टोबरला राज्य सरकारनं ३१ हजार ६२८ कोटींचं पॅकेज जाहीर केलं आणि दिवाळीआधी शेतकऱ्यांच्या हातात पैसे पडतील असं सांगितलं.

मग माझ्या बाकांवर बसायला जागा राहिली नाही. गावोगावच्या याद्या आल्या, प्रत्येकाला एक व्हीके नंबर, म्हणजे विशिष्ट क्रमांक. ज्यांचा फार्मर आयडी जोडलेला नव्हता त्यांना त्या नंबरवर केवायसी करायची होती. केवायसी म्हणजे अंगठा. अंगठा लागला की स्क्रीन हिरवी होते आणि पावती निघते. नाही लागला तर लाल अक्षरं येतात आणि पुन्हा पहिल्यापासून.

एक मावशी आल्या होत्या, वाडीवरच्या. एकरभर रान स्वतःच्या नावावर, नवरा-बायको दोघं दरवर्षी ऊसतोडीला जातात. आमच्याकडं अशा जोडीला कोयता म्हणतात. मुकादमाकडून उचल घेतलेली होती, टोळी ठरलेली होती, दिवाळी झाली की ट्रक येणार होता. मावशींचा अंगठा लागेना. मी ओल्या फडक्यानं पुसून घेतला, कोरडा केला, पुन्हा ठेवला. मग तर्जनी, मग मधलं बोट, मग डावा हात. दहाही बोटं झाली. मी त्यांचा हात उजेडात धरून बघितला. कोयत्याच्या मुठीनं आणि पाचटानं बोटांच्या टोकांवरच्या बारीक रेषा पार झिजून गेल्या होत्या, तिथली कातडी गुळगुळीत आणि चकचकीत झाली होती. उजव्या अंगठ्यावर आडवा, जुना, खोल व्रण. तळहातावरच्या मोठ्या रेषा मात्र ठळक होत्या, मळ बसून काळ्या झालेल्या. हात बघणाऱ्याला हव्या असतात त्या रेषा शाबूत होत्या. सरकारला हव्या असतात त्या गेल्या होत्या.

बाकावर कुणीतरी भविष्य वाचत होतं. "कुंभ. सरकारी कामात यश मिळेल. प्रवासाचे योग."

मावशींची रास कुंभ. त्यांनी हात तसाच मशीनवर ठेवून मला विचारलं, "म्हंजे आज लागंल व्हय?"

लागला नाही. डोळ्यांवरून केवायसी करायचं मशीन माझ्याकडं नव्हतं. आधारला जोडलेला मोबाईल नंबर नवऱ्याच्या जुन्या फोनचा, तो कधीच बंद पडलेला. मी त्यांना आधार केंद्राचा पत्ता दिला, बोटांचे ठसे नव्याने घ्यायला सांगितलं. त्या म्हणाल्या, "त्याला किती दिस लागतेत? आमचा ट्रक येऊ लालाय." मी सांगू शकले नाही. पैसे कव्हा येतेत, तेही सांगू शकले नाही. प्रवासाचे योग खरे ठरले. दिवाळीच्या पाडव्यानंतर त्या कारखान्याला निघून गेल्या, आणि सहा महिने त्यांच्या नावापुढची रक्कम त्यांच्यावाचून यादीत पडून राहिली.

ऊसतोडीला जाणाऱ्या माणसाला तारीख किती महत्त्वाची असते हे कार्यालयात बसलेल्या माणसाच्या लक्षात येत नाही. पुढच्या आठवड्यात या, असं त्याच्या तोंडून सहज निघतं. पुढच्या आठवड्यात हा माणूस सांगली-कोल्हापूरकडं असतो, नाहीतर कर्नाटकात. तिथून एक खेप यायची म्हणजे दोन दिवसांची मजुरी, एसटीचं भाडं आणि वर मुकादमाची बोलणी. म्हणून तो विचारतो. दहादा विचारतो. त्याच्या विचारण्याला कटकट म्हणतात तेव्हा मला फार लागतं.

आता दुसरी बाजू बघा. ज्यांच्या हातात तारखा देणं आहे, ते स्वतःच्या कामाला तारीख कशी निवडतात?

२०२४च्या विधानसभा निवडणुकीत अर्ज भरायची मुदत २२ ते २९ ऑक्टोबर होती. त्यात २४ तारखेला गुरुवार होता आणि पुष्य नक्षत्र, म्हणजे गुरुपुष्यामृत. त्या दिवशी राज्यभर अर्ज भरायला झुंबड उडाली. सगळ्या पक्षांचे उमेदवार, ढोलताशे, गुलाल, आणि घड्याळाकडं बघत थांबलेले कार्यकर्ते. अमुक वाजून अमुक मिनिटांनी अर्ज टेबलावर पडला पाहिजे. पितृपंधरवड्यात पक्षप्रवेश लांबतात, मंत्र्यांच्या शपथविधीचा मुहूर्त बघितला जातो. याबद्दल मी त्यांना नावं ठेवत नाही, ज्याची त्याची श्रद्धा. पण स्वतःच्या अर्जासाठी मिनिटाचा हिशेब ठेवणारा माणूस निवडून आल्यावर लोकांच्या अर्जाला 'लवकरच' असं उत्तर देतो, हे मला सहन होत नाही. लवकरच ही तारीख नसते. तत्त्वतः मान्य, प्रक्रिया सुरू आहे, निधी उपलब्ध होताच, येत्या काळात. आमच्या बाकावरच्या लोकांनी ही भाषा इतकी वर्षं ऐकलीय की त्यांना ती पाठ झालीय.

निवडणूक लागली की आचारसंहिता लागते. २०२४ला लोकसभेची मार्च ते जून, विधानसभेची ऑक्टोबर ते नोव्हेंबर. २०२५च्या ४ नोव्हेंबरला नगरपालिकांची लागली. कायद्यानं आचारसंहितेत साधा उत्पन्नाचा दाखला थांबत नाही. तरी दाखला मागायला गेलेल्या माणसाला 'आचारसंहिता आहे' एवढं सांगून परत पाठवलेलं मी बघितलंय. ज्या नगरपालिकांसाठी हे चाललं होतं, तिथं आधीची चारेक वर्षं लोकांनी निवडलेलं कुणी नव्हतंच, प्रशासक होता. गटारीचं, नळाचं, घरकुलाचं विचारायचं कुणाला, तर उत्तर नाही. छत्रपती संभाजीनगरात तर महापालिकेची मुदत २०२० सालीच संपलेली. पन्नास-साठ किलोमीटरवर जायकवाडीचं एवढं मोठं धरण असताना तिथल्या घरांत कित्येक दिवसांनी एकदा पाणी येतं. १ हजार ६८० कोटींची योजना २ हजार ७४० कोटींवर गेली. तिथं दिलेल्या माझ्या नणंदेच्या घरी कॅलेंडरवर पाणी आल्याच्या दिवसावर निळी खूण असते. आपण चतुर्थी-एकादशी बघतो तशी ती घरातली मंडळी पाण्याचा वार मोजतात, आणि तोही चुकतो.

लहानपणी आमच्या गावात गुढीपाडव्याला संध्याकाळी मारुतीच्या पारावर पंचांगवाचन व्हायचं. वडील मला घेऊन जायचे. जोशीबुवा नव्या संवत्सराचं नाव सांगायचे आणि मग वर्षाचं मंत्रिमंडळ वाचायचे. हो, पंचांगातही राजा असतो, मंत्री असतो, धान्याचा अधिपती, मेघांचा अधिपती, रसांचा अधिपती असतो. राजा ठरतो पाडव्याच्या वारावरून. रविवार असला तर रवी, सोमवार असला तर चंद्र. २०२५चा पाडवा रविवारी होता, म्हणून त्या वर्षाचा राजा रवी. पारावरची माणसं राजाच्या नावापाशी फार थांबायची नाहीत. मेघाधिपती आला की सगळे पुढं सरकायचे. पाऊस किती आढक, त्यातला समुद्रावर किती, डोंगरावर किती आणि जमिनीवर किती, हे वाचताना पारावर चिडीचूप व्हायचं. बातम्यांत मात्र उलटं असतं. शेजारच्या विदर्भात भेंडवळला अक्षय्य तृतीयेच्या संध्याकाळी शेतात घट मांडतात आणि पहाटे त्याचं भाकीत सांगतात. त्यात पिकांसाठी अठरा धान्यं असतात, पावसासाठी ढेकळं असतात आणि राजासाठी विड्याचं पान असतं. बातम्यांचा सगळा भर त्या एका पानावर. राजाची गादी राहणार की जाणार, हे दिवसभर चालतं, आणि कोणत्या महिन्यात पाऊस ओढ देईल ते शेवटच्या ओळीत. शेतकऱ्याला पहिल्यांदा हवी असते ती शेवटची ओळ.

पावसाच्या नक्षत्रांबद्दल थोडं वेगळं बोलायला हवं, कारण शहरातली शिकलेली माणसं त्यांनाही सरसकट अंधश्रद्धेत ढकलतात. मृग दरवर्षी ७-८ जूनलाच लागतो. सूर्य त्या नक्षत्रात कधी जाणार ते आकाशाच्या हिशेबानं ठरलेलं आहे, त्यात भाकीत काही नाही. मृग, आर्द्रा, तरणा (पुनर्वसू), म्हातारा (पुष्य), आसळका (आश्लेषा), मघा, मग शेवटी हस्त, चित्रा, स्वाती. पेरणी कधी, कोळपणी कधी, ज्वारीसाठी रान कधी तयार ठेवायचं, याच्या तेरा-चौदा दिवसांच्या खुणा आहेत या. पिढ्यानपिढ्यांनी शेतीला दिलेल्या तारखाच त्या. नक्षत्राचं वाहन, ज्यावरून त्यात पाऊस किती ते सांगतात, ते मात्र अंदाज. सूर्याच्या नक्षत्रापासून चंद्राच्या नक्षत्रापर्यंत मोजायचं, नऊनं भागायचं, बाकीवरून बेडूक, म्हैस, हत्ती की कोल्हा, मेंढा. बेडूक आला म्हणून पाऊस पडत नाही. माझे सासरे आयुष्यभर शेती करत आलेत. ते नक्षत्र पाळतात, वाहन ऐकतात आणि पेरतात मात्र जमिनीत वीतभर ओल बघूनच.

परभणीच्या वसंतराव नाईक मराठवाडा कृषी विद्यापीठाचा हवामान सल्ला मंगळवारी आणि शुक्रवारी येतो. मी तो छापून दुकानाच्या दारावर लावते. त्यात पुढच्या काही दिवसांचा पाऊस, वारा, तापमान आणि पिकाला काय करावं ते असतं. तो सल्ला शक्यतेच्या भाषेत बोलतो, काही ठिकाणी, तुरळक, मध्यम, आणि लोकांना ती भाषा पातळ वाटते. फोनवर फिरणारे 'अमुक तारखेला तमुक तालुक्यात धो धो' असले मेसेज त्यांना आवडतात, कारण त्यात ठाम तारीख असते. ती चुकली तरी आठवड्यात दुसरी मिळते.

ज्योतिष तपासून पाहिलं गेलं आहे, तेही आपल्याच महाराष्ट्रात. जयंत नारळीकर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली दोनशे मुलांच्या पत्रिका घेतल्या. शंभर हुशार मुलांच्या, शंभर मतिमंद मुलांच्या. ज्योतिषांनी पत्रिका बघून कोणती कुणाची एवढंच सांगायचं होतं. सत्तावीस ज्योतिषांनी प्रत्येकी चाळीस पत्रिकांची उत्तरं पाठवली. सरासरी शेकडा ४६ बरोबर आली. नाणं उडवून सांगितलं असतं तरी पन्नासच्या आसपास आली असती. मला वेगळ्या पुराव्याचीही गरज नव्हती. ३० सप्टेंबर १९९३च्या पहाटे चारच्या सुमारास भूकंपात किल्लारी आणि आसपासची गावं पडली. आदल्या रात्री गणपती बोळवून माणसं झोपली होती. बाराही राशींची माणसं एकाच पहाटे गेली, हे ज्या मुलखानं पाहिलं त्या मुलखातली मी आहे.

पण हे मी बाकावरच्या माणसाला सांगून बघितलं तेव्हा तो शांतपणे ऐकून घेतो आणि म्हणतो, "बरं, मंग तुम्ही सांगा की कव्हा होईल." तिथं विज्ञान पुरत नाही. एमपीएससीचा अभ्यास करणारी पोरं येतात, अभियांत्रिकी झालेली, सगळं कळणारी. २०२३च्या तलाठी भरतीला ४ हजार ६४४ जागा होत्या आणि दहा लाखांवर अर्ज. परीक्षा झाली, मग उत्तरतालिका, हरकती, निकाल, पुन्हा हरकती. वर्ष-वर्ष वाट बघणारा एक पोरगा माझ्याकडं हॉलतिकिटाची प्रिंट घ्यायला यायचा आणि न चुकता धनू रास वाचून जायचा. विश्वास आहे का, असं मी विचारलं नाही. त्याच्या आईनं त्याच्यासाठी मुली बघणं थांबवून ठेवलं होतं आणि बाप रोज विचारत होता. कुणीतरी 'गुरुवारनंतर अनुकूल' म्हटलं की त्याला बुधवारची रात्र काढता येत होती.

म्हणून भविष्य वाचणाऱ्याला शहाणं करण्याआधी त्याला तारीख देण्याची व्यवस्था करावी असं मला वाटतं. ती व्यवस्था कागदावर आहेसुद्धा. महाराष्ट्र लोकसेवा हक्क अधिनियम २०१५ साली झाला. प्रत्येक खात्यानं आपल्या सेवा, त्यांची मुदत आणि ती देणारा अधिकारी जाहीर करायचा, कार्यालयात फलक लावायचा. अर्जाची पोच द्यायची, तिच्यावर क्रमांक घालायचा. मुदतीत काम झालं नाही किंवा अर्ज फेटाळला तर तीस दिवसांत पहिलं अपील, मग दुसरं, मग आयोग. सबळ कारणाशिवाय उशीर करणाऱ्या अधिकाऱ्याला पाचशे ते पाच हजार रुपये दंड. उत्पन्नाच्या दाखल्याची मुदत पंधरा दिवस.

इतकं असून तो कायदा बाकापर्यंत पोचलेला नाही. फलक असतो तो कपाटाच्या मागं, नाहीतर अक्षरं उडालेला. पावतीवर तारीख असते, पण इतक्या बारीक टायपात की कुणी वाचत नाही. वर्तमानपत्रात राशींसाठी रोज पाव पान निघतं. त्याच पानाच्या कोपऱ्यात रोज एक सेवा, तिची मुदत आणि अपिलाचा पत्ता छापला तर काय बिघडेल? लोक वाचतील. त्या पानावरचं सगळं ते वाचतात.

आमच्या गल्लीच्या टोकाला एक काकू राहतात. विधवा, मूलबाळ नाही. संजय गांधी निराधार योजनेत महिन्याला पंधराशे रुपये मिळतात, पण त्यासाठी वर्षाला २१ हजारांच्या आतलं उत्पन्न दाखवणारा दाखला लागतो. काकूंनी दाखल्याचा अर्ज माझ्याकडूनच केला. पंधरा दिवस गेले, वीस गेले. अर्ज तहसीलच्या डेस्कला अडकलेला. दरम्यान निराधार समितीची बैठक होऊन गेली, आणि पुढची कधी ते सांगता येत नव्हतं. काकू रोज सकाळी येऊन बसायच्या आणि वृश्चिक वाचून घ्यायच्या. एक दिवस ते वाक्य वृश्चिकेला आलं. काकूंनी ते दोनदा वाचून घेतलं आणि पदर सावरून तडक तहसीलला गेल्या. दुपारी परत आल्या तेव्हा काही बोलल्या नाहीत.

त्या दिवशी मी पहिलं अपील टाईप केलं. काकूंनी अंगठा केला, मी पावतीची प्रत जोडली, मुदत संपल्याची तारीख लाल शाईनं गोल केली, आणि आम्ही दोघी गेलो. आवक टेबलावरचा माणूस म्हणाला, असलं अपील इथं कुणी करत नाही. मी म्हणाले, कायद्यात आहे, शिक्का मारून प्रत द्या. तो आत गेला, बाहेर आला, पुन्हा आत गेला. काकू उभ्याच होत्या. खुर्ची होती, पण त्या बसल्या नाहीत. शेवटी शिक्का मिळाला, त्यावर तारीख होती.

त्याच आठवड्यात दाखला झाला. इतके दिवस का लागले ते कुणी सांगितलं नाही, काकूंनीही विचारलं नाही. निराधारच्या बैठकीची तारीख लेखी कळवावी, असा दुसरा अर्ज आम्ही दिलाय. त्याचं उत्तर यायचंय.

बाकावर ही गोष्ट पसरली. मामा त्यांच्या वारस फेराचे कागद पिशवीत घालून आले. धनू राशीच्या पोरानं कायदा स्वतःच्या फोनवर उतरवून घेतला आणि आता तोच बाकावर बसून लोकांना मुदती वाचून दाखवतो, भविष्याच्या आधी. अपिलाचा नमुना मी संगणकात करून ठेवलाय. त्यात चार जागा मोकळ्या आहेत: अर्जदाराचं नाव, पावती क्रमांक, सेवा आणि मुदत संपल्याची तारीख. छापायचे पैसे मी घेत नाही.